चेंडू रेषेबाहेर गेला होता, शिट्टी वाजली नाही

गोदाकाठचा_बॅक (रविवार, रात्री १०.४०)

मंडळी, जरा लांबड लागणार आहे. चहा घेऊन बसा.

आज सकाळी भाच्याची मॅच होती. चौदा वर्षांखालची हॉकी, देवळाली कॅम्पाकडच्या एका मुरमाच्या मैदानावर. पंचवीस वर्षांपूर्वी मी असल्याच मैदानांवर बॅक, म्हणजे बचावाला, खेळायचो. मुरमावर चेंडू कधी कुठे उडेल याचा नेम नसतो, माझ्या नडगीवर त्याच्या खुणा अजून आहेत. तर शेवटची पाचेक मिनिटं राहिलेली, स्कोअर १-१. आमचा उजवा विंगर चेंडू घेऊन पार गोललाइनपर्यंत गेला. चेंडू पुढे पळाला, फक्कीची रेषा ओलांडून वीतभर बाहेर गेला. पोरानं काठी उलटी करून तो परत आत ओढला आणि डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, ढकलला. सेंटर फॉरवर्डनं ठोकला. गोलच्या फळीवर ठक्क आवाज आला. हॉकी खेळलेल्या माणसाला त्या आवाजाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

पंच एकच होता, बारावीतला पोरगा. दुसरा आलाच नव्हता. हा बिचारा मैदानाच्या मध्यावर. त्याने गोल दिला. २-१ जिंकलो. समोरची पोरं पाच मिनिटं हात वर करून ओरडत होती.

घरी येताना बिटको चौकात सिग्नलला थांबलो, तेव्हा मागून भाचा म्हणाला, "मामा, चेंडू बाहेर गेला होता. मला दिसलं होतं. मी सांगायला पाहिजे होतं का?"

मी म्हटलं, "शिट्टी वाजेपर्यंत खेळायचं. बाकी पंचाचं काम." आम्हाला लहानपणी हेच शिकवलं होतं.

दुपारी आडवा झालो आणि झोप लागेना. कारण ११ जून २०२४ ला मी ह्याच घरात, ह्याच टीव्हीसमोर, शेजाऱ्यांनी दार वाजवेपर्यंत कतारच्या नावानं शंख केला होता. फुटबॉल वर्ल्डकपची पात्रता फेरी, भारत-कतार, दोहा. छांगतेनं ३७ व्या मिनिटाला गोल मारलेला, आपण १-० पुढे. ७३ व्या मिनिटाला आपला गोलकीपर गुरप्रीतनं हेडर अडवला, चेंडू गोललाइनच्या बाहेर गेला, कतारच्या खेळाडूनं तो पायानं आत ओढला आणि दुसऱ्यानं आत मारला. पंचांनी गोल दिला. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा पंच, नव्हता. नंतर आणखी एक खाल्ला, २-१ हरलो आणि पात्रता फेरीतून बाहेर. आठवडाभर मी "रडीचा डाव, रडीचा डाव" करत फिरत होतो.

आणि आज आमच्या पोरांनी तंतोतंत तेच केलं, तर मी म्हणतो शिट्टी वाजेपर्यंत खेळायचं?

सांगा आता. हॉकीवाले, फुटबॉलवाले, सगळे.

सिडको_विंगर (रात्री १०.५८)

भाऊ, तुम्ही भाच्याला बरोबर सांगितलं आणि कतारच्या वेळी उगाच ओरडलात. माझं मत पहिल्यापासून तेच आहे. ती क्लिप परत बघा. चेंडू बाहेर गेल्यावर आपले बॅक हात वर करून उभे राहिले, जणू पंच त्यांचा चुलता आहे. हात वर करायच्या ऐवजी एकानं जरी पाय घातला असता तर गोल झाला नसता. गंगापूर रोडला टर्फवर रात्री अकराला आम्ही पाच-पाच खेळतो, तिथे पंच नसतो तरी कोणी थांबत नाही.

पंचवटीकर (रात्री ११.०५)

पंच नसताना थांबत नाही म्हणूनच तिथे दर आठवड्याला भांडणं होतात ना भो. मी शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतो. झोप होत नाही.

शिट्टीवाली (रात्री ११.३१)

मी शाळेत पीटी शिकवते आणि वीकेंडला फुटबॉलचे सामने घेते, हॉकीचेही घेतले आहेत. आधी एक प्रश्न. बॅकभाऊ, तुम्ही कुठे उभे होतात?

गोदाकाठचा_बॅक (रात्री ११.३४)

सेंटर लाइनपाशी, चिंचेच्या सावलीत.

शिट्टीवाली (रात्री ११.५०)

म्हणजे चाळीस-पन्नास मीटरवरून तुम्हाला वीतभर दिसलं. बरं.

दोन्ही खेळांत नियम एकच आहे. चेंडू पूर्ण रेषेपलीकडे गेला तर बाहेर. रेषेचा एक केस जरी चेंडूच्या खाली असेल तरी तो आत. हॉकीची रेषा ७५ मिलिमीटर रुंद असते आणि हॉकीचा चेंडूही साधारण तेवढ्याच व्यासाचा. पण आपल्याकडे फक्की कशी मारतात? डब्याला भोकं पाडून, चालता चालता. रेषा कुठे बोटभर, कुठे चांगली हातभर रुंद. अशा रेषेवर "चेंडू पूर्ण बाहेर गेला" हे तिथे नाक लावून बसलेल्यालाच कळणार.

दुसरं म्हणजे हॉकीत दोन पंच असतात ते शोभेसाठी नाही. एकेकानं आपापलं अर्धं मैदान सांभाळायचं, डी आणि गोललाइन ही त्याची जबाबदारी. एका पोराला दोन्ही डी दिल्या तिथेच सामना बिघडला. त्या पोरावर राग काढू नका. दुसरा पंच आला नाही म्हटल्यावर सामना तसाच रेटणाऱ्या मोठ्यांना विचारा.

भाच्याला मात्र दिसलं असेल, तो मैदानात होता. त्याचा प्रश्न खरा आहे.

गोदाकाठचा_बॅक (सोमवार, सकाळी ७.१२)

भाच्याला चहाच्या वेळी विचारलं. तो म्हणतो, तो डीच्या टोकाशी होता आणि गोल झाल्यावर चेंडू उचलायला तोच गेला. जुना पिवळा प्लास्टिकचा चेंडू. त्याच्या एका बाजूला फक्कीचा पांढरा पट्टा होता. त्याने तो शर्टाला पुसून मध्यावर ठेवला.

सिडको_विंगर (सकाळी ७.२०)

पुरावा नष्ट केला 😂

शिट्टीवाली (सकाळी ७.४५)

पट्ट्यावरून काहीच ठरत नाही. चेंडू रेषेवरून गडगडला एवढंच कळतं, पूर्ण पलीकडे गेला का ते नाही. पण पोरगं हुशार आहे. पंच होईल पुढे.

शाहू_मैदान (सकाळी ९.१०)

नोकरी अंबड एमआयडीसीत, घर इंदिरानगर, पण काळीज कोल्हापुरात. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पेठेच्या मॅचला माणूस रेषेवरच बसलेला असतो. चेंडू बाहेर गेला की हजार लोक एकदम "आऊट" म्हणत्यात. अर्थात त्यातले पाचशे पाटाकडील तालमीचे आणि पाचशे दिलबहार तालमीचे, त्यामुळं उपयोग शून्य.

मला एक सांगा, नियम मोडून शिक्षा भोगली तर ती चीटिंग का? २०१० च्या फुटबॉल वर्ल्डकपात उरुग्वे-घाना, क्वार्टर फायनल, १-१, एक्स्ट्रा टाइमचा अगदी शेवट. उरुग्वेच्या सुआरेझनं गोललाइनवर हातानं चेंडू अडवला. रेड कार्ड मिळालं, पेनल्टी दिली. घानाच्या ग्यानचा फटका बारला लागला. मग शूटआऊटमध्ये उरुग्वे जिंकलं. लोक सुआरेझला चोर म्हणत्यात. अरे चोर कसला? त्यानं चोरी उघड्यावर केली, शिक्षा झाली, तो बाहेर गेला. कतारनं मात्र लपवलं. म्हणून सुआरेझ मला चालतो, कतार चालत नाही.

आणि बॅकभाऊ, तुमचा विंगर कतारच्या गटात मोडतो, वाईट वाटून घेऊ नका.

द्राक्षबाग (सकाळी ९.४०)

सुआरेझ चालतो म्हणजे काय? घानाच्या जागी भारत असता तर?

शाहू_मैदान (सकाळी ९.४२)

तर मी टीव्ही फोडला असता. तरी नियमानं बरोबरच म्हटलं असतं. दुसऱ्या दिवशी.

कॅम्पातला_जुना (सकाळी ११.२५)

आर्टिलरीतून निवृत्त. नाशिकरोडच्या सेंटरमध्ये आणि बाहेर मिळून बावीस वर्षं हॉकी खेळलो, बॅटरीच्या, म्हणजे आमच्या तोफांच्या तुकडीच्या, टीममधून सुरुवात केली. वय काढू नका.

फुटबॉलवाल्यांना राग येईल, पण सांगतो. खिलाडूवृत्ती भाषणानं येत नाही, कार्डानं येते. हॉकीत हिरवं कार्ड मिळालं की दोन मिनिटं बाहेर. पिवळं मिळालं की निदान पाच मिनिटं बाहेर, पंचाला वाटलं तर दहा. लाल म्हणजे घरी. ती दोन मिनिटं तुमची टीम दहा जणांत खेळते. पंधरा मिनिटांच्या क्वार्टरमध्ये दोन मिनिटं म्हणजे काय ते ज्यानं भोगलंय त्याला कळतं. मधल्या फळीतला हाफ पुढे गेला तर मागे खिंडार, मागे राहिला तर समोरच्यांवर दबाव कोण टाकणार. परत आल्यावर कोच बघतो ते डोळे वेगळेच. पुढच्या वेळी माणूस काठी घालताना दोनदा विचार करतो.

फुटबॉलमध्ये पिवळं कार्ड म्हणजे वहीत नाव. शर्ट ओढून एक पिवळं घेतलं, समोरच्याची मूव्ह मोडली, काम झालं. त्या क्षणी टीमला काय भोगावं लागलं? काही नाही. कोच तर खेळाडूला टाळी देतो, "चांगला फाऊल" म्हणतो. चांगला फाऊल! आमच्या सुभेदारासमोर हा शब्द काढला असता तर मैदानाला दहा चकरा.

सिडको_विंगर (दुपारी १२.०२)

काका, आदर ठेवून बोलतो, पण हॉकीवाले काही संत नाहीत. हॉकीत चेंडू पायाला लागला की फाऊल, म्हणून डीमध्ये चेंडू मुद्दाम बॅकच्या पायावर मारून पेनल्टी कॉर्नर कोण घेतं? तो गोल मारायचा प्रयत्नच नसतो. पाय शोधायचा, ठक्क, हात वर, पीसी. हे काय आहे मग?

कॅम्पातला_जुना (दुपारी १२.१५)

ती कला आहे.

सिडको_विंगर (दुपारी १२.१६)

😂😂 बरं. आम्ही डाइव्ह मारली की नाटक, तुम्ही पाय शोधला की कला.

निफाडची_थंडी (दुपारी १२.३०)

काकांना एक सुआरेझ द्या कोणीतरी.

गोदाकाठचा_बॅक (दुपारी १.४०)

पायाचा मुद्दा खरा आहे, मी बॅक होतो, मीच त्याचा बळी. पण काकांच्या कार्डाच्या मुद्द्यावर, आपल्या हॉकी टीमचा बॅक अमित रोहिदास, त्याच्याबद्दल काय म्हणणं आहे? पॅरिस ऑलिंपिक, ४ ऑगस्ट २०२४, ग्रेट ब्रिटनविरुद्ध क्वार्टर फायनल. १७ व्या मिनिटाला लाल. चेंडू घेऊन निघाला होता, मागून कॅलनन आला, काठी वर गेली ती त्याच्या तोंडावर. मला अजूनही ते मुद्दाम वाटत नाही. चेंडूवर लक्ष असताना मागे कोण आहे हे काठीला कसं कळणार? पिवळं दिलं असतं तर चाललं असतं.

कॅम्पातला_जुना (दुपारी २.३०)

मुद्दाम नसेल. पण काठी हातात असताना ती कुठे जाते याची जबाबदारी हात धरणाऱ्याची. तोफखान्यातला माणूस आहे मी, हे दुसऱ्या कोणी मला सांगू नये. लाल दिलं ते कठोर होतं असं मला वाटतं, पण चूक होतं असं नाही.

आता त्या मॅचमधलं बघण्यासारखं सांगतो, कारण तिथे पुढच्या जवळजवळ तीन क्वार्टरमध्ये आपल्या पोरांनी जे केलं ते शिकवण्यासारखं आहे. त्रेचाळीस मिनिटं दहा जण. मनप्रीत मिडफील्डर, त्याला मागे घेतला. फॉरवर्ड लाइन जवळजवळ मोडीत काढली. सगळे डीच्या भोवती गोळा, मधून वाट नाही, जायचं तर बाजूनं जा. कोच फुल्टनचं पहिल्यापासून तेच तत्त्व, आधी बचाव पक्का, जिंकणं त्यातून येतं. २२ व्या मिनिटाला हरमनप्रीतनं पीसीवर मारला, २७ व्याला ब्रिटनच्या मॉर्टननं फेडला, आणि तिथून शेवटपर्यंत १-१. मागे गोलमध्ये श्रीजेश. शूटआऊट ४-२.

आणि त्या लाल कार्डाची खरी किंमत त्या दिवशी वसूल झालीच नाही. ती दोन दिवसांनी झाली. रोहिदासला एका सामन्याची बंदी, जर्मनीविरुद्ध सेमीफायनल बाहेर. तो आपला पहिला रशर. पीसीला चेंडू आत आला की गोललाइनवरून सुसाट निघून फ्लिकरच्या, म्हणजे काठीनं चेंडू उचलून गोलकडे फेकणाऱ्याच्या, काठीवर अंग झोकून देणारा. चेहऱ्याला मास्क, गुडघ्याला पॅड, आणि शंभर किलोमीटरच्या वेगानं येणारा चेंडू अंगावर घ्यायचा. हे काम कोणालाही "जा रे तू पळ" म्हणून देता येत नाही. समोर पेयात, २०१६ ला अर्जेंटिनाकडून सोनं घेतलेला, आता जर्मनीकडून. १८ व्या मिनिटाला त्यानं पीसीवर मारला. आपण ३-२ हरलो. रोहिदास असता तर अडला असता असं मी म्हणत नाही. पण तो डगआऊटमध्येही नव्हता हे त्या रात्री मला फार लागलं.

द्राक्षबाग (दुपारी २.५५)

काका, रशरबद्दल असं कोणी लिहीत नाही. सगळे फ्लिकरबद्दल लिहितात.

शाहू_मैदान (दुपारी ३.१०)

फुटबॉलवाला असून वाचताना अंगावर काटा आला. आमच्या भिंतीत उभे राहणारे दोन्ही हात कुठं धरत्यात ते तुम्हाला माहीतच आहे. त्यांनी रशर बघावा.

पंचवटीकर (दुपारी ४.००)

विषयाला सोडून, पण हिरावाडीच्या मीनाताई ठाकरे संकुलात सकाळी फुटबॉलची कोचिंग चालू आहे का सध्या? मुलीला घालायची आहे. आणि रविवारी मिसळ कुठे खाल्लीत ते बॅकभाऊंनी लिहिलं नाही, धागा अपुरा आहे.

शिट्टीवाली (दुपारी ४.४५)

पंचवटीकर, समक्ष जाऊन विचारा, वेळा बदलत असतात.

कार्डांबद्दल थोडी भर. फुटबॉलच्या नियमातही लहान मुलांच्या आणि हौशी सामन्यांत काही मिनिटं बाहेर बसवायची मुभा आहे, पण आपल्याकडे ती वापरताना मी कोणाला पाहिलेलं नाही. मी एकदा शाळेच्या सामन्यात वापरली. पालक अंगावर आले. "मॅडम, फी भरलीय आम्ही." म्हणजे फी भरली की शर्ट ओढायचा हक्क मिळतो.

आता सिडकोवाल्यांचा आवडता फुटबॉलर छेत्री. ३ मार्च २०२३, छेत्रीचं बेंगळुरू विरुद्ध केरळ, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगचा नॉकआऊट, एक्स्ट्रा टाइम. केरळवाले भिंत लावायच्या तयारीत, छेत्रीनं फ्री किक घेतली, गोल. केरळ मैदान सोडून गेलं. संघटनेनं केरळला चार कोटींचा दंड लावला आणि त्यांच्या कोचवर दहा सामन्यांची बंदी. ह्यावर काय म्हणणं?

सिडको_विंगर (संध्याकाळी ५.३०)

शंभर टक्के कायदेशीर. फ्री किक ज्याच्यावर फाऊल झाला त्याच्या फायद्यासाठी असते. फाऊल करणाऱ्यांना भिंत बांधून होईपर्यंत थांबायचं हा उलटा न्याय कुठला? पंचांनी "शिट्टीची वाट बघ" असं सांगितलं नसेल तर लगेच मारायची. छेत्रीनं डोकं वापरलं. आणि मैदान सोडून जाणं हे तर... खेळात हरता येत नसेल तर घरी कॅरम खेळा.

ते बरोबर, तर कतार पण बरोबर. माझी रेषा सरळ आहे. फक्की मारताना हलत नाही 😎

द्राक्षबाग (संध्याकाळी ६.१५)

नाही, सरळ नाही. छेत्रीच्या वेळी काय घडलं ते पंचांच्या डोळ्यांसमोर घडलं आणि त्यांनी निर्णय दिला. नियमात बसलं. कतारच्या वेळी नियम मोडला होता, पंचांना दिसला नाही. शिट्टी दोन्हीकडे वाजली नाही म्हणून दोन्ही एक होत नाहीत. पिंपळगावच्या मार्केटला काटा मारणारा पकडला गेला नाही म्हणजे त्याचं वजन बरोबर होतं का?

सिडको_विंगर (संध्याकाळी ६.२२)

...हा जरा लागला.

द्राक्षबाग (संध्याकाळी ६.५०)

आणि शिट्टीच शेवटची म्हणणाऱ्यांनी बर्मिंगहॅम आठवा. ऑगस्ट २०२२, कॉमनवेल्थ, हॉकीत आपल्या मुलींची ऑस्ट्रेलियाशी सेमीफायनल. १-१, शूटआऊट. हॉकीच्या शूटआऊटमध्ये आठ सेकंद मिळतात, २३ मीटरच्या रेषेवरून निघायचं. पहिलाच प्रयत्न आपली गोलकीपर सवितानं अडवला. सगळ्या नाचायला लागल्या, तेवढ्यात पंच म्हणाल्या, घड्याळ सुरूच झालं नव्हतं, परत घ्या. परत घेतला, गोल झाला. शूटआऊट ३-० हरलो. नंतर आंतरराष्ट्रीय संघटनेनं माफी मागितली. त्या माफीचं काय लोणचं घालायचं?

तिथे ऑस्ट्रेलियाच्या मुलीनं काय चीटिंग केली? काहीच नाही. तिला परत घ्यायला सांगितलं, तिनं घेतला. मला आजतागायत कळत नाही राग कोणावर काढायचा. बॉक्सवर बसून घड्याळ दाबायला विसरलेल्या माणसावर? त्या मुलींनी मात्र पुढच्या सामन्यात न्यूझीलंडला शूटआऊटमध्येच हरवून ब्राँझ घेतलं.

निफाडची_थंडी (संध्याकाळी ७.०५)

फेअर प्ले म्हटलं की मला जपान-पोलंड आठवतं, २०१८ चा फुटबॉल वर्ल्डकप. जपान आणि सेनेगलचे गुण, गोल सगळं सारखं. पिवळी कार्डं कमी म्हणून जपान पुढे. जपानला हे कळल्यावर शेवटची दहा मिनिटं पोलंडकडून ०-१ हरत असताना मागच्या मागे चेंडू फिरवत बसले, कार्ड मिळू नये म्हणून. लोक शिट्ट्या मारत होते. म्हणजे खिलाडूवृत्तीचे गुण मिळवायला अख्खं स्टेडियम झोपवलं. काका, हे कार्डाचं राज्य बघा.

कॅम्पातला_जुना (संध्याकाळी ७.२०)

हे मात्र निरुत्तर करणारं आहे. चहा घेऊन येतो.

शाहू_मैदान (रात्री ८.००)

लीड्सचा कोच बिएल्सा, त्याचं कोणी कसं काढलं नाही अजून? एप्रिल २०१९, इंग्लंडचे फुटबॉल क्लब, लीड्स-व्हिला. व्हिलाचा खेळाडू पडलेला, लीड्सनं खेळ थांबवल्यासारखं केलं आणि गोल मारला. मैदानात हाणामारी. बिएल्सा कडेवरून ओरडला, गोल द्या त्यांना. पोरं बाजूला झाली, व्हिलाच्या खेळाडूनं चालत चालत गोल मारला, १-१. त्यातही लीड्सचा यान्सन नावाचा एक बॅक त्याच्या मागं अडवायला धावलाच 😂 मला सगळ्यात जास्त तोच आवडतो. कोच सांगतोय सोड, जीव म्हणतोय सोडू नको.

लीड्सला त्या वर्षी वरच्या लीगमध्ये जाता आलं नाही. पुढच्या वर्षी गेले.

बॅकभाऊ, तुमच्या भाच्याचा कोच काय म्हणाला?

गोदाकाठचा_बॅक (रात्री ९.३५)

कोचचं विचारू नका. तो म्हणाला, "गोल मोजतात, भावना नाही." शाळेचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

पण आज संध्याकाळी मी एक उद्योग केला. समोरच्या टीमच्या सरांचा नंबर मिळवला आणि फोन लावला. म्हटलं, सर, कालचा आमचा दुसरा गोल, चेंडू बाहेर गेला होता असं आमच्या पोराचं म्हणणं आहे, कानावर घालावं म्हटलं. पलीकडे जरा शांतता. मग ते हसायला लागले. म्हणाले, "अहो, तुमचं बरंय, तुम्ही फोन तरी केलात. आमचा जो एक गोल झाला ना, त्याच्या आधी चेंडू आमच्याच पोराच्या बुटाला लागून पुढे गेला होता. मला दिसलं होतं. मी पंधरा वर्षं कोच आहे, गप्प बसलो."

हे भाच्याला सांगितलं. तो जेवत होता. हातातला घास तसाच. म्हणाला, "मग खरा स्कोअर किती?"

निफाडची_थंडी (रात्री ९.३८)

१-०. तरी तुम्हीच जिंकलात!! एवढा सगळा धागा फुकट.

सिडको_विंगर (रात्री ९.४४)

असं होत नाही. त्यांचा तो गोल झाला नसता तर तुम्ही १-० वर बचावाला बसला असता, ते वर चढले असते, सगळी मॅच बदलली असती. कतारच्या वेळीही तेच. तो दिला नसता तर पुढे बरोबरी झालीच नसती असं कोण सांगणार? मागचे दोन गोल खोडून बाकीचं तसंच ठेवता येत नाही.

(हो, द्राक्षबागवाल्यांच्या काट्यानंतर मी थोडा बदललोय. थोडाच.)

द्राक्षबाग (रात्री ९.५०)

थोडा पुरे. बाकी यंदाचा माल निघाल्यावर बघू.

शिट्टीवाली (रात्री १०.१०)

भाच्याला सांगा, पंचाला जाऊन सांगायचं तर तेव्हाच, खेळ परत सुरू व्हायच्या आत. एकदा मध्यावरून खेळ सुरू झाला की पंचालाही मागे जाता येत नाही. आणि सांगितल्यावर टीममधली पोरं काय बोलतील याची तयारी ठेव म्हणावं. एकदा एका मुलानं माझ्या सामन्यात "मॅडम, हात लागला माझा" म्हणून स्वतःचाच गोल रद्द करून घेतला होता. मी त्याला शाबासकी दिली. डबे खाताना त्याच्याशेजारी कोणी बसलं नाही. हेही पोरांना माहीत असतं, म्हणून ती गप्प बसतात. त्यांना लबाड म्हणायची घाई करू नका.

गोदाकाठचा_बॅक (रात्री १०.२२)

ते डब्याचं वाचून गप्प झालो.

पुढच्या रविवारी त्याच टीमशी परत मॅच ठरवली आहे, मैत्रीपूर्ण. सर स्वतःच म्हणाले. सकाळी साडेसातला, ऊन चढायच्या आत. पंच मिळत नाहीये.

शिट्टीवाली (रात्री १०.२५)

एका बाजूला मी येते. सिन्नर फाट्यापासून कोणी घेणार असेल तर बरं, माझी गाडी गॅरेजला आहे.

कॅम्पातला_जुना (रात्री १०.३०)

दुसरी बाजू माझी. पळणं होत नाही आता, पण डीपाशी उभा राहीन. हिरवं कार्ड घरी आहे. बायको पुस्तकात खूण म्हणून वापरते, काढून घेतो.

सिडको_विंगर (रात्री १०.३३)

मी येतो बघायला. काकांनी पायावर मारलेला चेंडू "कला" म्हणून सोडला तर मोबाइलवर शूट करणार.

शाहू_मैदान (रात्री १०.४१)

मॅडम, मी घेतो तुम्हाला, सव्वासहाला फाट्यावर. फक्की मी आणतो, कंपनीच्या शेजारी चुन्याचं दुकान आहे. आणि रेषा डब्यानं नको, दोन खुंट्या मारून सुतळी ताणायची आणि तिच्या कडेनं ओढायची. आमच्याकडं तसंच करत्यात.

शिट्टीवाली (रात्री १०.४४)

७५ मिलिमीटर. पट्टी घेऊन येणार आहे.

पंचवटीकर (रात्री १०.५०)

मिसळीचं अजून कोणी सांगितलं नाही.